साहसपटावर मत लिहिताना

नुकत्याच पाहिलेल्या मारधाडपटावर तुम्ही पहिल्यांदाच लिहिणार आहात, हे वाचून आनंद वाटला. सुरुवातीला एकच गोष्ट सांभाळा: संपूर्ण कथा सांगण्याच्या मोहात न पडता एखादे दृश्य निवडा आणि ते का भिडले किंवा का फसले, हे कारणासह लिहा. ‘हाणामारी जबरदस्त आहे’ एवढ्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही. कोण कोणाच्या मागे धावत आहे आणि कोण कुठे उभा आहे, हे डोळ्यांना कळले का, ते तपासा. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) या चित्रपटात दृश्ये झपाट्याने बदलत असूनही पाठलाग नीट समजतो, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी महत्त्वाची हालचाल बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवली, आणि या चित्रपटाच्या संकलनासाठी (दृश्यांची कापणी-जोडणी) मार्गारेट सिक्सेल यांना ऑस्करही मिळाले.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन: शेवट फोडणे आणि गल्ल्याच्या आकड्यांनाच गुणवत्ता मानणे. (पहिली मीही केली होती, एका मित्राने त्यापायी महिनाभर अबोला धरला.) छायाचित्रणाचे तांत्रिक बारकावे तूर्त बाजूला राहू द्या आणि चित्रपट पाहून आल्यावर त्याच रात्री चार ओळी टिपून ठेवा.