जुन्या लॅप स्टील गिटारचं मूळ कसं शोधायचं? नाव गेलेलं आहे आणि विकणारा 'हवाईची' म्हणतो

तुमचं वर्णन नीट वाचलं. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकावर, नाव नाही, नावाच्या पट्टीच्या जागी फक्त दोन भोकं. अंग करड्या, मोत्यासारखी झाक असलेल्या सेल्युलॉइडनं, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकनं, मढवलेलं. तारा पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर विजेच्या रूपात पकडणाऱ्या भागाच्या, वरून न जाता त्याच्या आतून जातात. हेडस्टॉकच्या मागच्या बाजूला खिळ्यांची आणखी दोन बारीक भोकं. आणि विकणाऱ्याचं म्हणणं असं, की ही १९३०च्या दशकात हवाईत बनलेली गिटार.

मी स्टील गिटार वाजवतो आणि जुन्या गिटारी उघडून दुरुस्तही करतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत हवाईच्या नव्हे, शिकागोच्या बाजूने आहे. का, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतःला पडताळून पाहता येईल.

गिटार मांडीवर आडवी धरून तारांवर पोलादी तुकडा सरकवत वाजवायची पद्धत हवाईची, यात वाद नाही. तिचं श्रेय सहसा जोसेफ केकुकू या तिथल्याच वादकाला दिलं जातं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं, तिथे हवाईचे वादक झळकले आणि साऱ्या अमेरिकेला त्या सुरांचं वेड लागलं. वेड लागलं तसे कारखाने उभे राहिले, पण ते मुख्यतः लॉस एंजेलिस, शिकागो आणि मिशिगनमधल्या कॅलमझू इथे. गिटारवर माडाचं झाड रंगवलेलं असो की बेटाचं नाव कोरलेलं असो, त्यावरून ती कुठे बनली हे ठरत नाही. 'ओआहू' हे हवाईच्या बेटाचं नाव मिरवणारी कंपनी ओहायोतल्या क्लीव्हलँडची होती. ती गिटारचे धडे छापून विकायची आणि सोबतची वाद्यं दुसऱ्यांकडून बनवून घ्यायची.

म्हणूनच माझा आग्रह असतो की मूळ शोधताना नावाच्या मागे न लागता कारखाना शोधावा. टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स आणि माँटगोमरी वॉर्डसारख्या मोठ्या दुकानदारांनी स्वतःची नावं लावून वाद्यं विकली, आणि ती घडवली हार्मनी, के, व्हॅल्को, गिब्सन या कारखान्यांनी. वॉर्डच्या 'रेकॉर्डिंग किंग' नावाखाली गिब्सनने बनवलेली वाद्यंही आहेत. नावाची पट्टी दोन खिळे उपटले की जाते. पिकअपची रचना मात्र कारखान्याची स्वतःची असते आणि ती सहजासहजी बदलत नाही.

तर तुमच्या गिटारच्या पिकअपकडे वळू. तारा पिकअपच्या आतून जाण्याचे दोन प्रकार मला ठाऊक आहेत. पहिला रिकनबॅकर कंपनीचा. तिथे घोड्याच्या नालेसारखे दोन लोहचुंबक तारांवर कमान करून बसलेले असतात आणि ते लांबूनही ओळखू येतात. जॉर्ज बोशांपच्या कल्पनेतून ही रचना आली. १९३२ मध्ये त्यांची ॲल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' नावाची गिटार बाजारात आली आणि १९३७ मध्ये पेटंट मिळालं. त्यांच्या बाबतीत काळ ठरवायला चुंबकाची रुंदी मोजतात: दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे दीड इंचाचे, नंतरचे सव्वा इंचाचे. दुसरा प्रकार म्हणजे एक ठोकळ्यासारखी धातूची पेटी, आणि एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघणाऱ्या तारा. ही व्हॅल्कोची खूण. त्यांच्या 'सुप्रो' आणि 'नॅशनल' नावांच्या स्टील गिटारींवर हा पिकअप वर्षानुवर्षे दिसतो, आणि त्यांनी इतरांसाठी बनवलेल्या गिटारींवरही.

व्हॅल्को हे नाव व्हिक्टर, अल आणि लुई या तीन भागीदारांच्या आद्याक्षरांवरून आलं. त्यांची आधीची कंपनी नॅशनल-डोब्रो. ती लॉस एंजेलिसमधून १९३६ च्या सुमारास शिकागोला हलली, युद्धाच्या काळात तिची व्हॅल्को झाली आणि १९६८ मध्ये कारभार संपला. व्हॅल्को हेडस्टॉकच्या मागे एक छोटी धातूची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकायची आणि तिच्यावर अनुक्रमांक असायचा. तुमच्याकडची मागची दोन भोकं मला त्या पट्टीची वाटतात. तसं असेल तर अनुक्रमांक गेला, हे वाईटच झालं, कारण त्यावरून वर्ष बऱ्यापैकी जवळ येतं.

करड्या सेल्युलॉइडवर एकट्यावर मात्र भिस्त ठेवू नका. तसंच आवरण मॅग्नाटोन कंपनीच्या गिटारींच्या आणि फेंडरच्या 'चॅम्पियन'च्या अंगावरही असायचं. त्यांच्या तारा पिकअपच्या आतून जात नाहीत, एवढ्यावरून तुमची गिटार त्यांच्यातली नाही असं मी म्हणतो.

आता काळ. इथे आवाजाच्या आणि टोनच्या नॉबखालचे पॉट, म्हणजे नॉबबरोबर फिरणारे विजेचे छोटे भाग, कामाला येतात. अमेरिकी पॉटच्या पाठीवर किंवा कडेला अंक ठोकलेले असतात. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. त्यापुढे वर्ष आणि शेवटी आठवडा. समजा ३०४९३२ असं दिसलं, तर स्टॅकपोल, ९ ने संपणारं वर्ष, ३२वा आठवडा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वर्षाचा एकच अंक लिहीत, त्यामुळे ते १९४९ की १९५९ हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. नंतर दोन अंक आले: १३७६४१२ म्हणजे सीटीएस, १९६४, १२वा आठवडा. हा आकडा पॉटचा जन्म सांगतो, गिटारचा नाही. पॉट कारखान्यात महिनोन्‌महिने पडून राहत. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, इतकंच त्यातून सिद्ध होतं, आणि तेही पॉट मूळचा असेल तर. सोल्डर, म्हणजे वायर जोडणारा वितळवलेला धातू, जुनं, मळकट, एकदाच वितळलेलं आहे का आणि वायर कापडी वेष्टनाची आहे का, ते बघा. चकचकीत ताजं सोल्डर दिसलं तर त्या आकड्याचं वजन कमी धरा.

'तीसच्या दशकातली' या दाव्याला आणखी एक साधी कसोटी आहे. अधिक चिन्हासारख्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३६ च्या आसपास मोटार उद्योगातून पसरले. कोणी १९३३ ची गिटार म्हणून दाखवत असेल आणि तिला मूळचे म्हणून फिलिप्स स्क्रू असतील, तर प्रश्न विचारायला हवा. उलट बाजूने हे लागू होत नाही. सरळ खाचेचे स्क्रू नंतरही बराच काळ वापरात होते.

पॉटवर असे अंक मुळीच नसतील आणि शिवाय भागांवर जपानी अक्षरं असतील किंवा मापं पूर्ण मिलिमीटरमध्ये बसत असतील, तर माझं शिकागोचं मत बाजूला ठेवून जपानकडे बघा. ग्वायाटोन आणि टेइस्को या जपानी कंपन्यांनीही हवाईयन गिटारी भरपूर बनवल्या. 'ऑक्युपाइड जपान' (परक्यांच्या ताब्यातला जपान) असा शिक्का मिळाला तर काळ साधारण १९४७ ते १९५२ एवढा आखूड होतो.

उघडताना कृपा करून दोन गोष्टी सांभाळा. जुनं सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोजचं असतं आणि झटकन पेट घेतं. सोल्डरिंग गन, हीट गन, दिवा यांतलं काही त्याच्या जवळ नेऊ नका. ॲसिटोनने पुसायचा मोहही टाळा, आवरण विरघळतं. आणि नावाच्या पट्टीची भोकं बुजवू नका, मागची तर अजिबात नाही. तुमच्या गिटारची गोष्ट सांगणाऱ्या थोड्याच खुणा उरल्यात, त्यांत ही भोकं आहेत. अशा वाद्यांना नवा रंग, नवे नॉब, नव्या खुंट्या लावून 'सुंदर' केलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यानंतर कोणालाच काही वाचता येत नाही.

नियंत्रणाची पट्टी काढण्याआधी वरून फोटो घ्या, मग आतून, वायरी न हलवता. पॉटवरचे सगळे अंक, मागच्या भोकांमधलं अंतर, नटपासून ब्रिजपर्यंतचं, म्हणजे तारांच्या दोन टेकूंमधलं, अंतर आणि पिकअपचा बाजूने काढलेला फोटो इथेच टाका. नट-ब्रिज अंतर बऱ्याच लॅप स्टीलमध्ये साडेबावीस ते तेवीस इंचांच्या आसपास असतं, पण ज्ञात मॉडेलशी जुळवताना पाव इंचाचा फरकही उपयोगी ठरतो. पॉटवरचे अंक आधी कळवा, बाकीच्या खुणांशी जुळवून त्यावरून दशकाचा अंदाज तरी बांधता येईल.