पंक्चरच्या दुकानामागे अडीचशे जुने टायर पडलेत. पावसाआधी त्यांचं काय करू?

गोव्यात फोंड्याजवळ दुकान, मागच्या उघड्या जागेत गाड्यांचे, स्कूटरचे आणि थोडे ट्रकचे टायर, आरोग्य केंद्राची माणसं डासांवरून ताकीद देऊन गेलेली आणि कचऱ्याची गाडी हात लावत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मेच्या अखेरीपर्यंत जेवढे जातील तेवढे घालवा आणि उरलेल्यांवर छप्पर घाला. टायर विकून किती पैसे सुटतील हा हिशेब नंतर.

आधी वेगळे करा. ट्रकचा टायर 50 किलोच्या आसपास, कारचा 7 ते 10, स्कूटरचा 2 ते 4. म्हणजे दहा ट्रकचे, बाकी बहुतेक कारचे धरले तर तुमच्याकडे दोन टनांच्या आसपास माल आहे. ट्रकच्या टायरचा सांगाडा धड असेल (बाजूला चीर नाही, तार उघडी नाही, हवा नसताना चालवलेला नाही) तर तो रिट्रेडिंगवाल्याला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवणाऱ्याला द्या. भंगारापेक्षा जास्त भाव येतो. ट्यूब वेगळ्या पोत्यात भरा, त्यांचं ब्युटाइल रबर निराळं असतं. रिम आत अडकलेली असेल तर काढून लोखंडाच्या भंगारात. गुळगुळीत झालेला कारचा टायर 'अजून सहा महिने चालेल' म्हणून मागणारे येतात, त्यांना देऊ नका. कारच्या टायरवरची नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली की तो रस्त्यावर चालवायचा नसतो.

आता डास, कारण खरी अडचण तीच. डेंगीचा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टायरच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पहिल्या पावसात पाणी चढलं की फुटतात. तिथून आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून टायर उलटून पाणी सांडलं की झालं, असं नाही. आतून ताठ ब्रशने घासावं लागतं. त्यात टायर कसाही फिरवा, थोडं पाणी आत राहतंच. जुन्या टायरांच्या व्यापाराबरोबर आशियातला एडिस अल्बोपिक्टस (एडिसचीच एक जात) जगभर गेला, 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला सापडला, तो याच अंड्यांमुळे.

छप्पर शक्य नसेल तर भोकं पाडा, पण जागा बघून. आडव्या ठेवलेल्या टायरचं पाणी खालच्या बाजूच्या फुगवट्यात साचतं, तेव्हा भोकं तिथेच हवीत: साधारण 20 मिलिमीटरची तीन-चार. कारच्या रेडियलच्या या भागात सहसा तार नसते, त्यामुळे होल-सॉ (ड्रिलला लावायचं गोल करवतीचं पातं) चालतो; रबर पातं पकडून ठेवतं म्हणून साबणाचं पाणी लावत राहा. मग टायर विटांवर किंवा लाकडी पॅलेटवर ठेवा, नाहीतर जमीनच भोक बुजवते. उभ्या टायरचं पाणी नक्षीच्या पट्ट्यात साचतं आणि तिथे पोलादी तारांचे थर असतात, ड्रिल बोथट होतं. त्यापेक्षा दोन्ही बाजू धारदार सुरीने कापून काढा. उरलेली कडी आडवी ठेवली तर तिच्यात पाणी राहत नाही आणि जागाही कमी लागते. अँगल ग्राइंडर वापरू नका, ठिणगीने रबर पेटतं. कापण्याआधी घेणाऱ्याला विचारा, काहींना अख्खेच हवे असतात.

जळकं ऑइल किंवा रॉकेल आत ओतू नका. डास मरतात खरे, पण ते ऑइल पावसाबरोबर शेजारच्या विहिरीत आणि व्हाळात उतरतं. वापरलेलं ऑइल स्वतःच घातक कचऱ्यात मोडतं. पाणी काढताच येत नसेल तर अळीनाशक आरोग्य केंद्राकडूनच टाकून घ्या.

छपराखाली सिमेंटची, उताराची जमीन हवी. ताडपत्री टाकणार असाल तर मध्ये बांबूचा आढा देऊन दोन्हीकडे उतार द्या. सपाट ताडपत्रीवर इतकं पाणी साचतं की डासांना टायरांची गरजच उरत नाही. टायर एकमेकांत तिरके अडकवत रचा, ढीग हलत नाही. दोन मीटरपेक्षा उंच नको आणि ढिगांमध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवा. वेल्डिंग, गॅस सिलिंडर, विजेची तार यांपासून लांब. हात घालण्याआधी काठीने ठोका, खाली साप असतात.

पेटलेला टायर विझवणं कठीण, कारण पोकळीत हवा खेळते आणि पाणी आत पोचत नाही. आग विझवायचा पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण आतून तापलेलं रबर पुन्हा पेटतं. सुरुवातीलाच माती-वाळूने गुदमरवा, न पेटलेले टायर बाजूला ओढा, 101 ला फोन करा. वितळलेलं तेल गटारात जाऊ नये म्हणून वाळूचा बांध घाला. मुद्दाम जाळणं तर नाहीच, शिगम्याच्या होळीत नाही आणि दिवाळीला जाळतात त्या नरकासुरातही नाही. उघड्यावर कचरा जाळण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 5,000 आणि मोठ्या प्रमाणात असेल तर 25,000 रुपये दंड ठरवलाय.

द्यायचे कुणाला? 21 जुलै 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला रिसायकलर आपल्या उत्पादनाप्रमाणे प्रमाणपत्रं मिळवतो आणि ती या कंपन्यांना विकतो. नोंद नसलेल्याला ही कमाई नाही. तुम्ही टायर आयात करत नसाल, फक्त विकत-बदलत असाल, तर उत्पादक म्हणून नोंदणी तुमच्यावर येत नाही.

घेणाऱ्याकडून दोन कागद मागा: त्या पोर्टलवरची नोंदणी आणि त्याच्या राज्याच्या प्रदूषण मंडळाचा चालू कन्सेंट (कारखाना चालवायची परवानगी). गोव्यात असेल तर हा कन्सेंट गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. पायरोलिसिसवाला (टायर हवेशिवाय तापवून तेल काढणारा) असेल तर हे जास्तच काटेकोर बघा. छोट्या टेम्पोत वजनाची मर्यादा गाठण्याआधीच हौदा भरतो, म्हणून आसपासच्या दोन-तीन दुकानांनी मिळून मोठी गाडी मागवणं परवडतं. भंगारवाला 'सगळे नेतो' म्हणाला तरी चांगले निवडून उरलेले घाटाच्या वळणावर टाकणारेही असतात. काटा पावती, गाडीचा नंबर, बिल आणि भरलेल्या गाडीचा फोटो जपून ठेवा. आरोग्य केंद्राची माणसं पुन्हा आली की हेच दाखवायचं.