वाचकांचे प्रश्न : बोटीचा आकार, वेग आणि पाण्याचा विरोध

पाण्याचा विरोध कमी करून बोटीचा वेग वाढवण्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढील सर्व उत्तरांना आधारभूत असल्यामुळे ते थोडे विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : माझ्या गोल तळाच्या बोटीची पाण्याच्या रेषेवरील लांबी 6 मीटर आहे. 15 अश्वशक्तीचे इंजिन काढून मी 30 अश्वशक्तीचे बसवले, तरी वेग ताशी जेमतेम एक किलोमीटरने वाढला. उलट बोटीचा मागचा भाग खाली बसू लागला आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जाऊ लागली. दोष इंजिनात आहे की बोटीत?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे पाहता इंजिन ठीक असावे आणि बोटही तिच्या आकाराला साजेसेच वागत आहे. आपण तिच्याकडून जो वेग मागत आहात त्यासाठी तो आकार घडवलेलाच नाही, इतकेच.

चालत्या बोटीला पाणी मुख्यत्वे दोन प्रकारे अडवते. एक म्हणजे घर्षण. पाण्याचा बोटीला खेटून असलेला पातळ थर तिच्याबरोबर ओढला जातो आणि त्याला ओढण्यात शक्ती खर्च होते. हा विरोध किती होईल हे प्रामुख्याने भिजलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि वेग यांवर ठरते. दुसरा प्रकार लाटांचा. बोट पाणी बाजूला सारते तेव्हा नाळेपाशी पाणी चढते आणि त्यातून एक लाट जन्माला येते. ही लाट बोटीच्याच वेगाने तिच्याबरोबर चालते, आणि खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असल्यामुळे बोट जितकी वेगाने जाईल तितकी ही लाट लांब होत जाते. आपल्या बोटीचा वेग ताशी साडेपाच किलोमीटर असेल, तर एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर सुमारे दीड मीटर असते आणि बोटीच्या लांबीत अशा चार लाटा मावतात. वेग ताशी 11 किलोमीटर झाला की एकच लाट सहा मीटर लांब होते. तिचे एक शिखर नाळेपाशी आणि दुसरे मागच्या टोकापाशी येते. याहून वेग वाढवला की दुसरे शिखर बोटीच्या मागे सरकते, मागचा भाग लाटेच्या दरीत बसतो, आणि बोटीला स्वतःच निर्माण केलेल्या लाटेचा चढ सतत चढत राहावे लागते. आपण पाहत आहात ते नेमके हेच आहे.

हा उंबरठा, म्हणजे लाट बोटीइतकी लांब होते तो वेग, काढण्याचे सूत्र सोपे आहे : पाण्याच्या रेषेवरील लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमूळाला साडेचारने गुणले की ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो. नऊ मीटरच्या बोटीसाठी तो साडेतेरा आणि सोळा मीटरच्या बोटीसाठी अठरा येतो. ही अभेद्य भिंत नव्हे, पण जड आणि रुंद बोटीच्या बाबतीत येथून पुढे विरोध इतक्या झपाट्याने वाढतो की जवळजवळ सगळी जादा शक्ती लाटा मोठ्या करण्यातच जाते. उंबरठ्याच्या बऱ्याच खाली असतानासुद्धा लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इंजिन दुप्पट शक्तीचे केल्यास वेग फार तर सव्वापट होतो. उंबरठ्यावर तेवढीही अपेक्षा धरता येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की बोटीचा आकार निवडण्यापूर्वी लांबीच्या मानाने किती वेग हवा आहे हे ठरवावे. इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी 1860 च्या दशकात दोन निरनिराळ्या आकारांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून पाहिल्या. एकीची नाळ तीक्ष्ण होती आणि दुसरीची बोथट, भरदार. तीक्ष्ण नाळेची प्रतिकृती कमी वेगाला सरस ठरली, तर अधिक वेगाला बोथट नाळेची. सर्व वेगांना उत्तम असा एकच आकार नसतो, हे त्यातून दिसून आले. पुढे 1872 मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे त्यांनी प्रतिकृतींच्या चाचणीसाठी लांब हौद बांधला, आणि वेग व लांबीचे वर्गमूळ यांच्या गुणोत्तरावरून छोट्या प्रतिकृतीच्या निरीक्षणांतून मोठ्या जहाजाचा विरोध कसा काढावा हे दाखवले. आजही प्रतिकृतींच्या चाचण्यांचा पाया हाच आहे.

आपल्याला ताशी 10 किलोमीटर पुरत असतील, तर जुने इंजिन परत बसवावे. इंधन वाचेल आणि बोटही समतोल चालेल. ताशी 30 किलोमीटर हवे असतील, तर बोटच वेगळ्या घडणीची लागेल. तिच्याविषयी पुढील प्रश्नात लिहिले आहे.

प्रश्न : पाण्यावरून घसरत जाणाऱ्या वेगवान बोटींचा तळ सपाट आणि कडा धारदार का असतात? माशासारखा गोलाकार, निमुळता आकार अधिक चांगला ठरणार नाही का?

उत्तर : मासा पूर्णपणे पाण्याखाली असतो, त्यामुळे पृष्ठभागावरच्या लाटांचा प्रश्न त्याला क्वचितच पडतो आणि निमुळती शेपटी त्याच्या कामी येते. वेगवान बोटीच्या बाबतीत मात्र हीच निमुळती शेपटी घात करते. भांडी घासताना चमच्याची फुगीर बाजू नळाच्या धारेला लावून पाहावी. धार चमच्याला बिलगून वळते आणि चमचा धारेकडे ओढला जातो. गोल वळणाऱ्या तळाखालून वेगाने वाहणारे पाणीही तसेच तळाला बिलगते आणि बोटीचा मागचा भाग खाली खेचते. वेग जितका अधिक तितकी ही ओढ जबर.

यावरचा उपाय म्हणजे पाण्याला बिलगू न देणे. तळाच्या मागच्या निम्म्या भागातील रेषा सरळ ठेवतात आणि मागची उभी फळी व तळ जेथे मिळतात तेथे खणखणीत कोन ठेवतात, म्हणजे पाणी तेथून स्वच्छ सुटते. ही कड हाताने चाचपून पाहण्याजोगी असते. फायबरच्या बोटीत ती साच्यातून निघतानाच किंचित गोल झालेली असेल किंवा रंगाच्या थरांनी बुजली असेल, तर पाणी फळीवर चढते आणि वेग घटतो. बाजूंच्या कडांचेही तसेच. तळाखालून बाहेर फेकले जाणारे तुषार बोटीच्या अंगावर चढले तर भिजलेले क्षेत्रफळ विनाकारण वाढते, म्हणून तळावर लांबीच्या दिशेने पट्ट्या बसवून ते खाली वळवतात.

अशी बोट पुरेशा वेगाने जाऊ लागली की तळावर आदळणारे पाणी तिला वर उचलते. तिचे बहुतेक वजन आता तरंगण्याच्या बळाऐवजी या दाबावर तोलले जाते. सहा मीटरच्या बोटीत ही अवस्था साधारण ताशी 25 ते 30 किलोमीटरच्या सुमारास नीट येते. त्याआधीचा टप्पा सर्वांत खर्चिक असतो, कारण बोट लाटेचा चढ चढत असते आणि अद्याप वर आलेली नसते. तेथे वजनाइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. मागे ठेवलेली इंधनाची भरलेली टाकी थोडी पुढे सरकवल्याने बोट चढ ओलांडते आणि न सरकवल्यास ओलांडत नाही, असे पुष्कळदा घडते. वर आल्यावर तळ पाण्याशी साधारण तीन ते पाच अंशांचा कोन करत असेल तर विरोध सर्वांत कमी राहतो. नाळ याहून उचलली तर वर उचलण्याचे बळ मागे झुकून बोटीलाच रोखते, आणि दबली तर भिजलेला पृष्ठभाग वाढून घर्षण वाढते.

केवळ विरोधाचा विचार केला तर सपाट तळ सर्वोत्तम ठरतो, परंतु लाटांमध्ये तो इतका आपटतो की माणसांना आणि सांध्यांना ते सोसत नाही. म्हणून व्ही आकाराचा तळ आला. रे हंट यांनी आखलेल्या, सुमारे 24 अंशांचा उतार मागच्या टोकापर्यंत कायम ठेवणाऱ्या बोटीने 1960 ची मायामी ते नासाउ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, तेव्हापासून खुल्या समुद्रातील वेगवान बोटींनी हा आकार स्वीकारला. शांत पाण्यात हा तळ सपाट तळापेक्षा अधिक शक्ती खातो, पण खवळलेल्या पाण्यात सपाट तळाच्या बोटीला वेग कमी करावा लागतो आणि हिला तो टिकवता येतो. मला हा व्यवहार योग्य वाटतो.

काही बोटींच्या तळाला आडवी पायरी असते. त्या खाचेतून हवा आत येते, पायरीमागचा भाग कोरडा राहतो, आणि बोट दोन छोट्या पृष्ठभागांवर तोलून जाते. घर्षण खरोखरच कमी होते. मात्र पायरीला पोहोचणारी हवा अडली, किंवा मोठ्या वेगात एकाएकी सुकाणू फिरवले, तर अशी बोट अचानक पकड सोडून गर्रकन फिरू शकते. अनुभवी चालकाखेरीज कोणी ती घेऊ नये, असे मी आवर्जून सांगेन.

प्रश्न : मोठ्या जहाजांच्या नाळेखाली पाण्यात कंदासारखा फुगवटा असतो. तो साडेसात मीटरच्या बोटीला लावला तर वेग वाढेल का?

उत्तर : वाढणार नाही. तो फुगवटा स्वतःची एक लाट निर्माण करतो, आणि तिची दरी नाळेच्या लाटेच्या शिखरावर पडेल अशी त्याची जागा ठरवलेली असते, म्हणजे दोन्ही लाटा एकमेकींना बऱ्याच अंशी शमवतात. हे गणित एका ठरावीक वेगाभोवतीच जुळते. 2008 नंतर इंधन वाचवण्यासाठी मालवाहू जहाजे संथ चालवली जाऊ लागली, तेव्हा काही कंपन्यांनी जुने फुगवटे कापून नव्या वेगाला जुळणारे बसवले, यावरून ते किती नाजूक आहे हे ध्यानात येईल. लहान बोटीचा वेग आणि भार सतत बदलतो, ती लाटांवर वरखाली होते, आणि फुगवट्याने वाढलेले भिजलेले क्षेत्रफळ मात्र कायम राहते.

प्रश्न : वल्हवण्याच्या शर्यतीतील अरुंद होड्या आणि दोन अंगांच्या कॅटामरान बोटी पाण्यावर न उचलल्या जाताही वेगाने कशा जातात? आपल्या सूत्राप्रमाणे हे शक्य नसावे.

उत्तर : प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. आठ वल्हेकऱ्यांची होडी सुमारे 17 मीटर लांब असते, म्हणजे सूत्रानुसार तिचा उंबरठा ताशी साडेअठरा किलोमीटरच्या आसपास येतो. तरीही उत्कृष्ट चमू 2000 मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापतात, म्हणजे ताशी जवळजवळ 22 किलोमीटर. सूत्र लाटेची लांबी सांगते, उंची सांगत नाही. सतरा मीटर लांब आणि जेमतेम 60 सेंटीमीटर रुंद होडी पाणी इतके हळुवार बाजूला सारते की लाट ठेंगणीच राहते आणि तिच्या दरीत बसण्याची वेळ येत नाही. अशा होडीला होणारा बहुतांश विरोध घर्षणाचा असतो.

इतकी अरुंद होडी वल्ह्यांच्या आधाराशिवाय उभी राहत नाही. कॅटामरानमध्ये अशी दोन अंगे अंतरावर जोडली की तोल साधतो आणि बारीकपणाही टिकतो. वेगवान प्रवासी फेरीबोटी बहुधा याच घडणीच्या असतात. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते : भिजलेले क्षेत्रफळ वाढल्याने संथ वेगाला ती तितक्याच वजनाच्या साध्या बोटीपेक्षा जड चालते, आणि भार वाढला की बारीक अंगे चटकन खोल बसतात. दोन अंगांमधील अंतर फार कमी ठेवल्यास आतल्या लाटा एकमेकींवर चढतात आणि फायदा बुडतो.

प्रश्न : हायड्रोफॉइल हे अखेरचे उत्तर आहे का?

उत्तर : पुरेसा वेग आणि हलकी बोट असेल तर आजवर सापडलेले सर्वांत सुंदर उत्तर तेच आहे. पाण्याखालील पंखांनी बोट पूर्णपणे वर उचलली की घर्षण फक्त पंख आणि त्यांचे खांब यांच्यापुरते उरते आणि लाटाही किरकोळ होतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असल्यामुळे पंख अगदी लहान असले तरी भागते. इटलीचे एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये माज्जोरे सरोवरावर अशी बोट चालवली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या एचडी-4 या बोटीने 1919 मध्ये कॅनडात ताशी 114 किलोमीटरचा वेग गाठला. तिच्या पंखांची रचना शिडीसारखी होती. वेग वाढून बोट वर आली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर पडत आणि गरजेपुरतेच पंख भिजलेले राहत, कारण वेग दुप्पट झाला की तेच वजन उचलायला चतुर्थांश पंख पुरतो. आजच्या मॉथ वर्गाच्या शिडाच्या होडीत नाळेजवळ एक काडी पाण्यावर घासत जाते. होडी फार वर आली की काडी खाली झुकते आणि जोडलेल्या तारेने पंखाची झडप फिरवून उचल कमी करते. इतकी साधी यंत्रणा हे काम इतके चोख करते, याचे मला आजही कौतुक वाटते.

मर्यादा दोन आहेत. जड बोटीला पंखांवर चढण्याइतका वेगच मिळत नाही आणि तोवर ते निव्वळ ओझे असते. दुसरी मर्यादा वरच्या टोकाला आहे. सुमारे 50 नॉट, म्हणजे ताशी 93 किलोमीटरच्या आसपास पंखाच्या वरच्या बाजूचा दाब इतका घटतो की पाणी थंड असूनही उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि नेहमीच्या पंखाची उचल ढासळते. सेलरॉकेट 2 या शिडाच्या बोटीने 2012 मध्ये नामिबियातील वॉल्विस बे येथे 500 मीटर अंतरावर सरासरी 65.45 नॉटचा विक्रम केला, तो मुद्दाम पाचरीसारखा घडवलेला आणि आपल्यामागे हवेची पोकळी बाळगणारा पंख वापरून.

प्रश्न : तळाला मेण किंवा चकाकीचे पॉलिश लावल्याने बोट वेगाने जाते का?

उत्तर : चकाकीचा वेगाशी संबंध नाही. तळाला लगटून वाहणाऱ्या अतिशय पातळ संथ थरात बुडून जातील इतके खडबडीतपणाचे कण बारीक असले की त्याहून गुळगुळीत करण्याने काही हाती लागत नाही. सेकंदाला पाच मीटर वेगाला ही मर्यादा साधारण 0.02 मिलिमीटरची आहे, आणि बारीक पॉलिशपेपर पाण्याबरोबर फिरवून ती गाठता येते. तळावर वाढणारे शेवाळ आणि चिकटणारे शिंपले यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांचा दाट थर साचला की तोच वेग राखण्यासाठी दीडपटीहून अधिक शक्ती लागू शकते. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये एका युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला होता. तो लाकूड पोखरणाऱ्या किड्यांसाठी होता, पण तांब्यावर शेवाळ आणि शिंपले फारसे धरत नाहीत, त्यामुळे तळ स्वच्छ राहून पुढे ब्रिटिश जहाजांना वेगाचाही लाभ झाला. पाण्यातच नांगरून ठेवलेल्या बोटीच्या तळाला शेवाळरोधक रंग द्यावा आणि बोट वापरण्यापूर्वी तळ घासून घ्यावा. बोटीला पुढे ढकलणारा इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) आणि सुकाणू घासायला विसरू नये, कारण पंख्याच्या पात्यांवरचा शिंपल्यांचा पातळसा थरही त्याची कार्यक्षमता चांगलीच घटवतो.