वाचक विचारतात : थंडीच्या सुरुवातीचे आकाश

प्रश्न : देवयानी दीर्घिका दुर्बिणीशिवाय दिसते असे वाचले. गावाबाहेर जाऊन शोधली, सापडली नाही. नेमके कुठे बघायचे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : डोक्यावरच्या आकाशात दिशांचा गोंधळ होतो, आणि बहुतेकांची देवयानी तिथेच हुकते. पाय उत्तरेकडे करून पाठीवर झोपा, म्हणजे पूर्व उजव्या हाताला येते. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास भाद्रपदांचा चौकोन, म्हणजे चार ताऱ्यांची चौकट, जवळजवळ डोक्यावर असतो. प्रत्येक बाजू हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढी, म्हणजे सुमारे १५ अंश; आतला भाग जवळपास रिकामा.

चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडेच सरका. आधी एक फिका तारा लागतो, मग ठळक आणि किंचित तांबूस मिराक. तिथून काटकोनात वायव्येला, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या बाजूला वळा. चार अंशांवर एक मंद तारा, आणखी तीन अंशांवर त्याहून मंद दुसरा. या दुसऱ्याच्या शेजारी, करंगळीच्या रुंदीहून थोड्या जास्त अंतरावर, देवयानी आहे.

छायाचित्रातली रंगीत चक्राकार भुजा शोधू नका. डोळ्यांना दिसतो तो लांबट, राखाडी, पुसट ठिपका. थेट रोखून पाहिले तर तो विरतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात. नजर थोडी बाजूला ठेवा. त्याआधी किमान २० मिनिटे अंधारात काढा, मोबाइल बंद. टॉर्च लागणारच असेल तर काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर लावा. चंद्र असेल त्या रात्री प्रयत्न करू नका. मिराकनंतरचा दुसरा मंद तारा दिसत नसेल, तर त्या जागेवरून देवयानी नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण; ७ किंवा १० पट वर्धन, ५० मिलिमीटरचे भिंग) घ्या. मात्र अंधाऱ्या जागी ती नुसत्या डोळ्यांनी एकदा जरूर बघा. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरचा उजेड थेट आपल्या डोळ्यात उतरतो, हे पडद्यावर कधीच अनुभवता येत नाही.

प्रश्न : मिथुन राशीतला उल्कावर्षाव किती वाजता पाहावा? ताशी १२० उल्का खरेच दिसतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : १३ डिसेंबरची रात्र जागवा. उल्कांचा उगमबिंदू, म्हणजे त्या जिथून फाकल्यासारख्या वाटतात ती आकाशातली जागा, मिथुनेतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे आणि रात्री अडीचच्या सुमारास तो सर्वांत उंच येतो. त्यामुळे १४ तारखेची पहाट उत्तम. १२० ही संख्या उगमबिंदू थेट डोक्यावर आणि आकाश अगदी काळेभोर असेल तेव्हाची. शहराच्या कडेला किंवा चांदण्यात त्याचा लहानसा अंशच हाती लागतो. उगमबिंदूकडे टक लावू नका, तिथल्या रेघा आखूड असतात; त्याच्यापासून चार-पाच मुठी दूर बघा. या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात, म्हणजे इतर वर्षावांच्या मानाने सावकाश, त्यामुळे नवख्यालाही सापडतात. त्यांचा उगम ३२०० फेथॉन या लघुग्रहात आहे. बहुतेक वर्षाव धूमकेतूंमुळे होतात.

प्रश्न : मुलीसाठी '५२५ पट' लिहिलेली ६० मिलिमीटरची दुर्बीण घ्यावी का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : घेऊ नका. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे वर्धन निरुपयोगी. ६० मिलिमीटरला १२० पट पुरे, पुढे प्रतिमा फक्त मोठी आणि धूसर होते. सुरुवातीला १०×५० द्विनेत्रीच बरी. कृत्तिकांचा सगळा गुच्छ तिच्यात एका नजरेत मावतो. मोठ्या वर्धनात त्याचा तुकडाच दिसतो. त्यानंतर मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ दाखवा. हात थरथरत असतील तर कोपरे गच्चीच्या कठड्यावर टेकवा. भिंगावर दव आले तर रुमालाने पुसू नका, ओरखडे पडतात. द्विनेत्री घरात नेऊन आपोआप सुकू द्या.

प्रश्न : नागपुरातून अगस्त्य तारा दिसतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दिसतो. डिसेंबरच्या मध्यावर तो रात्री नऊनंतर उगवतो. क्षितिजाजवळच्या धुरकटातून वर यायला वेळ लागतो, म्हणून साडेदहाला बघा. तेव्हा तो व्याध ताऱ्याच्या बराच खाली, दक्षिण-आग्नेयेला, एका मुठीएवढ्या उंचीवर असेल. एकच्या सुमारास बरोबर दक्षिणेला १६ अंशांवर पोचतो. दक्षिण क्षितिज मोकळे असलेली गच्ची शोधा. तो रोज चार मिनिटे आधी उगवतो, त्यामुळे जानेवारीत जागरणाची गरज उरत नाही.