खडू सोड आधी

बाय,

तुझा मेसेज वाचला. सात जणांचा स्टडी ग्रुप तिघांवर आला, जे येतात ते नोट्सचे फोटो काढून निघून जातात, मग बंदच करू का म्हणतेस. लगेच उत्तर दिलं नाही, कारण बुधवारी मी कॅन्टीनमध्ये तुमच्या मागच्याच टेबलावर भाजी-पाव खात बसलो होतो आणि जे बघितलं ते तुला कसं सांगावं हे सुचत नव्हतं.

वाळपईची ती मुलगी रिअॅक्शनचं मेकॅनिझम लिहीत होती, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणांनी दाखवत होती. अल्कोहोलमध्ये अॅसिड घातल्यावरची पहिली स्टेप. बाण तिने एच प्लसकडून, म्हणजे हायड्रोजनच्या आयनकडून, ऑक्सिजनकडे काढला, म्हणजे उलटा. तू लगेच तिच्या हातातलं पेन घेतलंस, बाण सुधारलास आणि दहा मिनिटं समजावलंस, छानच समजावलंस गो, पण ती नुसती मान हलवत होती, लक्ष सगळं घड्याळाकडे, कदंबा बस चुकेल म्हणून. तिला एवढंच विचारायचं होतं की हा बाण कोणाचे इलेक्ट्रॉन नेतो? एच प्लसकडे एकही इलेक्ट्रॉन नाही, हे तिला स्वतःलाच दिसलं असतं आणि तिनेच खोडलं असतं. दोन मिनिटं जड गेली असती, जाऊ देत की. खडू सोड.

1973 मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसमध्ये डिआना मार्टिन यांनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन सुरू केलं, त्यात आधी तो विषय चांगला पास झालेला विद्यार्थीच सेशन घेतो, पण लेक्चर परत द्यायचं नाही हा नियम. आणि 'कच्ची मुलं' असा शिक्का कोणावर नाही, अवघड म्हणायचं ते विषयाला. तिकडेच बर्कली विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन यांना कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं दिसली, ती आळशी नव्हती, मेहनती होती पण एकएकटी अभ्यास करायची. त्यांनी त्या मुलांना सोपी उजळणी नाही दिली, एकत्र बसवून जास्त अवघड गणितं दिली. तू मात्र अवघड सगळं स्वतः सोडवतेस आणि सोपं तेवढं त्यांच्यासाठी ठेवतेस.

रागावतोय असं वाटेल. रागावतोयच थोडा, कारण हेच मी केलंय. 1988 साली फोंड्यात भाड्याच्या खोलीत आम्ही पाच जण थर्मोडायनॅमिक्सला बसायचो आणि खडू कायम माझ्या हातात. मिरवायला नव्हे हं, पुस्तक एकच होतं, वेळ कमी होता, कोणीतरी सांगायलाच हवं होतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि अर्धं अजूनही वाटतं. पण आमच्यातला एक त्या पेपरात नापास झाला आणि पुढे कॉलेजच सोडून काजूच्या बागायतीत गेला. खूप वर्षांनी डिचोलीच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "तू लिहायचास तेव्हा सगळं कळायचं रे." एवढंच म्हणाला. मी त्याला वर्षभरात एकदाही फळ्यापाशी उभं केलं नव्हतं.

म्हणून सांगतो, तिघं पुरेत. बंद करायचं नाही. नोट्स ग्रुपवर टाकणं आजपासून थांबव, कोणी रुसलं तर रुसू दे. पुढच्या बुधवारी एकच प्रश्न ने, तुलाही धड न सुटलेला, आणि पेन घरी ठेवून जा. आणि त्या मुलीला आज फोन करून शेवटची बस कितीची ते विचार, टायमिंग तिच्या बसप्रमाणे लाव.