हात मोकळे आहेत म्हणून सगळं वाजवू नकोस

चि. कीबोर्डवालीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या जॅमचं रेकॉर्डिंग ऐकलं. आधी हेडफोनवर, मग गाडीत. गाडीत खरं काय ते कळतं. तुमचा गिटारिस्ट कुरकुरतो म्हणून तू वैतागली आहेस आणि मी तुझी बाजू घ्यावी असा तुझ्या मेसेजचा एकंदर सूर आहे. नाही घेणार. गिटार ऐकू येत नाही ही त्याची तक्रार खरी आहे, आणि त्याने ॲम्पचा आवाज वाढवून ती मिटणारी नाही.

तू लिहिलंयस की तुला ऐंशीच्या दशकातल्या रशसारखा, म्हणजे कॅनडातल्या त्या तिघांच्या रॉक बँडसारखा, सिंथ (सिंथेसायझर) हवाय. चांगली गोष्ट आहे, पण मग त्या वर्षांत त्या तिघांमध्ये काय झालं तेही नीट ऐक. मी तुला एकच अल्बम देतो, १९८२चा 'सिग्नल्स'. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मोरिन-हाइट्स इथे 'ल स्टुडिओ' होता, तिथे तो रेकॉर्ड झाला. आठ गाणी, पाऊण तासाच्या आत संपतात.

रशकडे सिंथ काही १९८२ला आला नाही. १९७७च्या 'अ फेअरवेल टू किंग्स'मध्ये मिनीमूग हा सिंथ आणि पायाने वाजवायचे मूग टॉरस पेडल आहेतच. १९८१च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'मध्ये ओबरहाइमचा सिंथ आहे. पण तोवर सिंथ पाहुण्यासारखा येऊन जायचा. 'सिग्नल्स'मध्ये तो घरात राहायला आला, आणि ज्याची खोली गेली तो त्यांचा गिटारिस्ट ॲलेक्स लाइफसन. स्वतःची गिटार मिक्समध्ये मागे गेल्याबद्दल तो पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने बोलला आहे. म्हणजे तुमच्या गिटारिस्टची कुरकुर फार मोठ्या घराण्यातली आहे!

आता 'सबडिव्हिजन्स' लाव. सुरुवात सात मात्रांची. तू तबला शिकली आहेस, तेव्हा रूपकाची सवय कामी येईल. फक्त रूपकाची ३-२-२ विभागणी यावर लादू नकोस. दोनदा ऐकून झालं की एक प्रश्न स्वतःला विचार: इथे सिंथ नेमका किती वाजतोय? वाटतो प्रचंड, पण सुटा करून ऐकलास तर रुंद, सावकाश बदलणारे थोडे कॉर्ड आणि मध्ये मिनीमूगची एक धून, एवढंच. शहराबाहेरच्या, एकसारख्या घरांच्या वस्तीत वाढणाऱ्या, कुठल्याच कंपूत न बसणाऱ्या मुलांवर ड्रमर नील पर्टने शब्द लिहिलेत आणि त्या रुंद कॉर्डमध्ये ती सपाट वस्ती दिसते. गाणारा, बास आणि सिंथ वाजवणारा गेडी ली स्वतः टोरांटोजवळच्या विलोडेलमध्ये, अशाच उपनगरात वाढला.

त्याचे सिंथचे भाग इतके साधे का, याचं उत्तर कलेत कमी आणि शरीरात जास्त आहे. या लोकांनी चौथा माणूस घ्यायचा नाही असं ठरवलेलं. त्यामुळे स्टेजवर गेडी ली गातोय, गळ्यात बास अडकवलेली, हात मध्येच सिंथवर, पुन्हा बासवर, आणि पाय टॉरसच्या पेडलवर. एवढ्या व्यापात माणूस जे वाजवू शकेल तेच त्याने रचलं. जिथे हात पोचणार नाही तिथे जागा सुटली, आणि त्या सुटलेल्या जागेमुळे गाणं उभं राहिलं. तू ना गातेस, ना बास वाजवतेस. तुझे दोन्ही हात पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत मोकळे, आणि तू ते दोन्ही वापरतेस. तुझी खरी अडचण ही आहे.

थोडं तांत्रिक सांगतो, म्हणजे गिटारिस्टशी भांडताना निदान मुद्दा हाताशी असेल. गिटारचा कॉर्ड वाजला की लगेच ओसरायला लागतो. तुझा पॅड, म्हणजे सिंथचा लांब धरलेला मऊ आवाज, बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. दोघं त्याच मधल्या पट्टीत असले की गिटारच्या ओसरण्याची जागा पॅड भरून टाकतो आणि ऐकणाऱ्याला गिटारचा फक्त टोचरा आघात ऐकू येतो. त्यात तू डाव्या हाताने खालचे स्वर धरतेस, म्हणजे बासवालाही गेला. पेटीची साथ करणारा गायकाच्या प्रत्येक तानेवर तान वाजवायला लागला तर बुवा मागे वळून कसे बघतात, पाहिलं आहेस ना? तुमचा गिटारिस्ट तसा बघतोय.

लाइफसनने काय केलं तेही बघ, कारण ते त्यालाही सांगण्यासारखं आहे. जाड, डिस्टॉर्शनवाल्या पॉवर कॉर्डची लढाई त्याने सोडली. वरच्या पट्टीतले उघडे कॉर्ड, कोरस इफेक्टची चमक, आणि त्या काळात या तिघांना आवडणाऱ्या पोलीस या बँडसारखे रेगेच्या अंगाचे तुटक आघात, असं दुसरंच काम त्याने शोधलं. 'डिजिटल मॅन' त्यासाठी ऐक. हे गाणं निर्माता टेरी ब्राउनला फारसं पटलं नव्हतं. 'फ्लाय बाय नाइट'पासून, म्हणजे १९७५पासून, तो त्यांच्याबरोबर होता. 'सिग्नल्स' त्याचा रशबरोबरचा शेवटचा अल्बम ठरला. नव्या वाद्याची किंमत कोणीतरी मोजतंच, एवढं डोक्यात असू दे.

'दि ॲनालॉग किड' मात्र तुझ्यासाठी. कडव्यात गिटार आणि बास सुसाट धावतात, कोरसला, म्हणजे ध्रुवपदाला, वेग बसतो आणि मग सिंथ उघडतो. कडव्यात तो नव्हता म्हणून कोरसमध्ये आभाळ उघडल्यासारखं वाटतं. आधीपासून वाजत असता तर काही उघडलंच नसतं. तुमच्या दुसऱ्या गाण्यात तू नेमकं उलटं केलंयस.

'न्यू वर्ल्ड मॅन' शेवटी, घाईत केलेलं. कॅसेटच्या दोन बाजूंची लांबी जुळवायला चार मिनिटांच्या आतलं एक गाणं हवं होतं. तेच अमेरिकेत त्यांचं एकमेव टॉप ४० गाणं झालं, २१व्या क्रमांकापर्यंत गेलं. यातून काही शिकू नकोस, नुसती गंमत म्हणून सांगितलं.

'लूझिंग इट' रात्री ऐक. वय झालेली नर्तकी आणि शब्द आटलेला लेखक यांच्यावरचं गाणं. इथे सिंथने व्हायोलिनचा आवाज काढता आला असता, यंत्रं होतीच. त्यांनी बेन मिंकला बोलावून इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवून घेतलं. स्टेजवर हे गाणं पहिल्यांदा वाजलं थेट २०१५मध्ये, नील पर्टबरोबरच्या त्यांच्या शेवटच्या दौऱ्यात. तुझ्या कीबोर्डमध्ये शहाऐंशी तंतुवाद्यं असतील. तुमच्या तिसऱ्या गाण्यातला सारंगीचा प्रीसेट, म्हणजे कीबोर्डमधला तयार आवाज, ऐकून मला हेच आठवलं. तुमच्या कॉलेजात खरी सारंगी नसेल, पण व्हायोलिन शिकणारं कोणीतरी नक्की असेल.

आता तू म्हणशील, मग सिंथने पुढे यायचंच नाही का? यायचं, अगदी सगळं व्यापून यायचं, पण त्याला कारण हवं. १९८४च्या 'ग्रेस अंडर प्रेशर'मधलं 'रेड सेक्टर ए' ऐक. त्यात बास गिटार नाहीच. खालून सिक्वेन्सरची, म्हणजे ठरलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राची, न थांबणारी धडधड, पर्ट इलेक्ट्रॉनिक ड्रमवर. विषय छळछावणीचा, पण कुठल्या देशाचं, काळाचं नाव नाही. गेडी लीचे आईवडील पोलंडमधले ज्यू, नाझी छावण्यांतून वाचलेले. १९४५च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सनमध्ये शिरलं तेव्हा त्याच्या आईचा सुटकेवर विश्वास बसेना. बाहेर जग उरलं असेल हेच तिला खरं वाटत नव्हतं. त्या आठवणीतून हे गाणं आलं. आता विचार कर, इथे बासची ऊब कुठे बसली असती? माणसाचं बोट तारेवर आहे असं वाटूच नये, ही त्या गाण्याची गरज होती. माझ्या मते 'सिग्नल्स'पेक्षा 'ग्रेस अंडर प्रेशर' सरस आहे, पण तुझ्या आजच्या दुखण्याला औषध 'सिग्नल्स'च.

पुढची हकिकत थोडक्यात. 'पॉवर विंडोज' आणि 'होल्ड युअर फायर'मध्ये सिंथ वाढतच गेला, १९८९च्या 'प्रेस्टो'पासून उतरला, आणि २००२च्या 'व्हेपर ट्रेल्स'मध्ये कीबोर्ड एकही नाही. लाइफसनला जवळजवळ वीस वर्षं वाट पाहावी लागली. तुमचा गिटारिस्ट एवढा थांबेल असं काही मला वाटत नाही.

तर पुढच्या जॅमपर्यंत एवढं कर. सिंथ मोनोवर टाक, म्हणजे एका वेळी एकच स्वर. मिनीमूगलाही तेवढाच निघायचा आणि त्यावर माणसांनी काय काय वाजवलंय. एकेका स्वरात चारही गाणी बसव. डावा हात मांडीवर. प्रीसेट एकच, तोही तू स्वतः फिल्टर फिरवून बनवलेला. कडव्यात गप्प राहायचं असेल तर गप्प राहा, मात्रा मोजत उभी राहा, लाजू नकोस. मग पुन्हा पॉली, म्हणजे एकदम अनेक स्वर, कर आणि जे कमी पडल्यासारखं खरोखर वाटलं तेवढंच परत घाल. दोन्ही रेकॉर्डिंग मला पाठव, आणि कोणतं कुठलं ते सांगू नकोस.

गिटारिस्टला 'डिजिटल मॅन' तू स्वतःहून पाठव. माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
काका

ता.क. : 'काउंटडाउन' गाळलंस तरी चालेल. कोलंबिया अंतराळयानाचं पहिलं उड्डाण, एप्रिल १९८१, हे तिघं स्वतः बघायला गेले होते, आणि गाण्यात त्या वेळचं खरं रेडिओवरचं बोलणं आहे. त्यांना भारावून जायला झालं असणार, मला मात्र ते नेहमी लांबलेलं वाटतं. तुला आवडलं तर भांडायला ये.