भडंगला विचारून सांगते

मागच्या अंकात माझ्या गाडीचा आणि भडंगचा फोटो छापून आला आणि संपादकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग लागला. पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपचे हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा मी फ्लॅट भाड्यानं दिला, एक जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि आता बारा महिने तिच्यातच राहते. भडंग म्हणजे माझा कुत्रा. गावठी, अंगावर पट्टे, वजन १९ किलो. नाव मसालेदार चुरमुऱ्यांच्या भडंगावरून पडलं, ते जयसिंगपूरकरांना सांगायला नको.

इचलकरंजीहून एक वाचक विचारतात : ताई, एप्रिलमध्ये कुत्र्याला गाडीत ठेवून बाजार कसा करता? काच थोडी खाली ठेवली तर चालतं ना?

नाही चालत. बाहेर ३५ अंश असले की उन्हातल्या बंद कारमध्ये दहा मिनिटांत पारा ४५ च्या आसपास जातो आणि अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडतो. काच चार बोटं उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांतून थोडा येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. आतली हवाच तापली तर धापा टाकून काय होणार? माझ्या गाडीच्या छताला आतून इन्सुलेशन आहे, वर बारा व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन आहे, तरी उन्हात भडंगला आत ठेवून मी कुठं जात नाही. फॅन हवा खेळवतो, थंड करत नाही.

‘मग एसी लावा की’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यात माझा मावसभाऊ पहिला. त्याला मी हिशेब करून दाखवला. माझी लिथियम बॅटरी १०० अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण १,२८० वॉट-अवर. एक टनाचा एसी हजार वॉटच्या आसपास खातो. तासाभरात बॅटरी आडवी, मग दिवा नाही, फ्रीज नाही, पाण्याचा पंप नाही.

म्हणून आमचा बाजार सकाळी सातला कपिलतीर्थ मंडईत. भडंग पट्ट्याला, माझ्या डाव्या हाताला. तिथल्या एक मावशी त्याला गाजर देतात आणि मला मात्र घासाघीस करू देत नाहीत. बँक, दातांचा दवाखाना, कापडखरेदी असली कामं आली की भडंगला मावसभावाच्या कळंब्याच्या घरी सोडायचं आणि केएमटीच्या बसनं जायचं. बाहेरगावी असताना ही कामंच काढत नाही. मिसळ खायची झाली तर पार्सल घेते आणि गाडीच्या पायरीवर बसून खाते. कट वेगळा मागून घ्यायचा, नाहीतर फरसाणाचा चिखल होतो.

एप्रिल-मेमध्ये गाडी पहाटे साडेपाच ते दहा एवढीच चालते. नंतर चिंच किंवा वड बघायचा आणि त्याच्याखाली दिवस काढायचा. फारच तापलं तर पन्हाळा किंवा आंबोली. दुपारी त्याला डांबरावर चालवण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्याला पाच-सात सेकंद टेकवून बघते. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

आणि कधी कुत्रा जोरजोरात धापा टाकतोय, चिकट लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, चालताना झोकांड्या खातोय असं दिसलं तर सावलीत न्या, साध्या पाण्यानं अंग भिजवा, वारा घाला आणि तसंच डॉक्टर गाठा. ‘थोडा पडू दे, बरा होईल’ म्हणत बसू नका.

सांगलीहून एक निवृत्त होऊ घातलेलं जोडपं विचारतं : कुठली गाडी घ्यावी? आरटीओची कटकट किती?

गाडी कुठलीही घ्या, पण आत उभं राहता आलं पाहिजे. साठीनंतर वाकून चहा करणं दोनच दिवस मजेचं वाटतं. कटकट म्हणाल तर आहे, आणि ती आधी उरकायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, म्हणजे नोंदणीपत्रावरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेत फेरफार करण्याबाबत हेच बजावलं. सीट उपटून गॅसची शेगडी बसवली आणि कागदावर गाडी अजून प्रवासीच, असं झालं तर पुढं विमा कंपनी हात वर करते. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. ते माहीत असलेल्या बिल्डरकडूनच काम करून घ्या आणि आरटीओत बॉडीचा प्रकार बदलून घ्या. ज्याला यातलं काही नको त्यानं छोट्या गाडीत काढता-घालता येणारा पलंगाचा खोका ठेवावा, वेल्डिंग करू नये. परराज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते. तेवढी वेळ येऊच देऊ नका, दिवाळीला घरी या.

गॅसचं एक मात्र विसरू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच. माझ्या गाडीला ते आमच्याच वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या फिटरनं पाडून दिलं आणि वर दम दिला की यात बोळा कोंबायचा नाही.

गडहिंग्लजहून एक मुलगी विचारते : मला एकटीनं असंच राहायचंय. रात्री गाडी कुठं लावायची? कुत्रा राखण करतो ना?

करतो, पण आवाजानं. भुरट्या चोराला भुंकणं पुरतं. दारू पिऊन आलेल्याला पुरत नाही. त्यामुळं कुत्र्याच्या भरवशावर जागा निवडू नकोस, माणसांच्या भरवशावर निवड.

गावात शिरायचं ते उजेडात. पोलीस पाटलाचं घर विचारायचं. नाव, गाडीचा नंबर, कुठून आले, सकाळी किती वाजता जाणार, एवढं सांगायचं. तासाभरात निम्म्या गावाला कळतं की शाळेजवळ एक बाई कुत्रं घेऊन गाडीत झोपलीय. शहरातल्या मुलींना याची भीती वाटते, माझा अनुभव उलटा आहे. सगळ्यांना माहीत असलेल्या गाडीच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. वर कुणीतरी दूध आणून देतं आणि ‘पोरंबाळं न्हाईत व्हय?’ हे विचारतंच. उत्तर तयार ठेव.

हायवेवर पेट्रोल पंप. पिण्याचं पाणी, हवा आणि शौचालय फुकट देणं पंपावर बंधनकारक आहे, मुक्काम मात्र त्यांची मेहेरबानी. आधी डिझेल भरायचं, मग विचारायचं. ट्रकांच्या रांगेत घुसू नकोस, ऑफिसच्या दिव्याखाली लाव. नरसोबावाडीलाही मला बरं वाटतं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, तेव्हा भडंगला ‘हाड’ म्हणताना तिथले लोक जरा थबकतात.

कुठं लावायची नाही, तेही ऐक. शाहूवाडी, पन्हाळा, शिराळा या पट्ट्यात उसाच्या फडाला लागून नको. बिबट्या असतो आणि कुत्रा त्याची सोपी शिकार. अंधार पडल्यावर भडंग दोरीशिवाय खाली उतरत नाही, लघवीलासुद्धा. माझ्या हातात बॅटरी, आधी चारी बाजूंना उजेड, मग दार. धनगरांची मेंढरं शेतात बसली असतील तर तिथूनही दूर. त्यांची कुत्री कामावर असतात, पाहुणचार करत नाहीत.

गाडीचं तोंड कायम रस्त्याकडं. किल्ली रोज एकाच खिळ्याला. झोपायच्या जागेवरून खाली न उतरता ड्रायव्हर सीटवर जाता आलं पाहिजे. गाडी बांधून घेतानाच हे बिल्डरला सांग, मधे कपाट घालू देऊ नकोस. आणि आईला रोज लोकेशन पाठव. तिला झोप लागली की तुझ्या डोक्याचा निम्मा ताप कमी.

मिरजेहून एक आजोबा विचारतात : दाजीपूरला कुत्रा नेता येतो का?

नाही. दाजीपूर म्हणजे राधानगरीचं अभयारण्य, १९५८ पासूनचं, गव्यांसाठीचं. पाळीव जनावर तिथं नेऊ देत नाहीत आणि ते बरोबर आहे. डिस्टेंपरसारखा रोग आपल्या कुत्र्याकडून रानातल्या प्राण्यांना लागू शकतो. आम्ही फोंडा घाटानं कोकणात उतरतो तेव्हा न थांबता पुढं जातो.

कसबा बावड्याहून एक वाचक विचारतात : भडंग तांबडा-पांढरा रस्सा खातो का?

त्याची फार इच्छा असते. देत नाही. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याला बाधतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कोल्हापुरात या दोघांशिवाय कुठला रस्सा होतो सांगा? शिजवलेलं हाडही नको, त्याच्या काचा होतात. द्राक्षं आणि बेदाणेही नकोत, आणि द्राक्षांचं तासगाव काही लांब नाही. त्याचं जेवण म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन, भात किंवा ज्वारीची भाकरी, दुधी नाहीतर गाजर. चिकन त्याच्यासाठी आधी वेगळं काढून मग माझं फोडणीला टाकते. प्रवासाच्या दिवशी निघण्याआधी तीन-चार तास उपाशी, नाहीतर आंबा घाटात सगळं बाहेर.

आजऱ्याहून एक वाचक विचारतात : गोचीड लागले तर? वाटेत डॉक्टर कुठं मिळतो?

आजरा-आंबोली-सावंतवाडीकडं फिरणाऱ्यांनी हा प्रश्न मनावर घ्यावाच. रोज रात्री दिव्याखाली भडंगची तपासणी होते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल नाही, काडी पेटवणं नाही, नखानं चिरडणं तर नाहीच. वजनाप्रमाणे डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरल्या तारखेला. तरीही टिक फीव्हर होऊ शकतो. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढरट पडल्या, नाकातून रक्त आलं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट खाली घसरतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हिशेबानं घाबरू नका. दोडामार्ग भागात माणसालाही गोचिडातून माकडताप होतो, तेव्हा रानातून आल्यावर स्वतःलाही झाडून घ्या.

डॉक्टरचं म्हणाल तर तालुक्याच्या गावी जनावरांचा सरकारी दवाखाना असतो. तिथले डॉक्टर गाई-म्हशींत अडकलेले असतात, तरी पहिला उपचार नीट होतो. रेबीजची लस दरवर्षी, आणि कार्ड गाडीच्या कागदांसोबत. कुत्रं कुणाला नुसतं ओरखडलं तरी लोक आधी ते कार्ड मागतात.

लाजत लाजत विचारणारे एक वाचक, गाव लिहिलेलं नाही : संडासाचं काय?

लाजू नका, सगळ्यांना हेच विचारायचं असतं. माझ्याकडं कोरडा संडास आहे. लघवी वेगळ्या कॅनमध्ये, बाकीच्यावर लाकडाचा भुसा. भुसा टिंबर मार्केटात पोत्यानं मिळतो. भुसा कोरडा असला तर वास येत नाही, ओला झाला की संपलं. कॅन सार्वजनिक शौचालयात विचारून रिकामा करायचा. नदीत, ओढ्यात कधीच नाही. पंचगंगेनं आधीच पुष्कळ सोसलंय. भडंगचंही कागदात उचलते.

शिरोळहून एक ताई विचारतात : पावसाळ्यात काय करता?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघते, कोल्हापूरकर बघतो तशीच. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पण मी इशाऱ्याची वाट बघत नाही, जूनच्या मध्यातच गाडी कळंब्याला मावसभावाच्या दारात जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी शिरोलीपाशी महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद होता. घर चाकावर असून हलता येत नाही अशी वेळ मला नको. ताई, तुम्हाला शिरोळमध्ये मी पुराचं काय सांगणार!

सोलर त्या दिवसांत नावालाच, म्हणून मावसभावाकडून वायर ओढते आणि बिल अर्धं भरते. ओला कुत्रा हा खरा ताप. जुने पंचे भरपूर ठेवा, पंजे आणि कान आधी पुसा, नाहीतर बुरशी धरते. अंथरूण आठवडाभर वाळत नाही, याला माझ्याकडं उपाय नाही.

कागलहून आठवीतला एक मुलगा विचारतो : सगळ्यांची कुत्री पुढच्या सीटवर बसून खिडकीतून डोकं बाहेर काढतात, भडंग का नाही? आणि तो चहा पितो का?

बाळ, ब्रेक लागला की गाडी थांबते, कुत्रा थांबत नाही. तो काचेवर जातो नाहीतर माझ्या स्टिअरिंगवर. म्हणून त्याला छातीचा हार्नेस आहे आणि तो माझ्या सीटमागच्या बेल्टच्या हुकाला अडकवलेला असतो. गळ्यातल्या पट्ट्याला कधी बांधायचं नाही, झटक्यानं मान मोडते. खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यांत कचरा जातो, आणि तुमच्या भागात हंगामात उसाच्या ट्रॉल्या किती अंगावरून जातात ते तुला ठाऊक आहे. चहा नाही देत, त्यातलं कॅफिन त्याला चालत नाही. खारीचा तुकडा मात्र मी न बघितल्यासारखं करते.